ग्रहणावर फोडलेलं खापर

मूल जन्माला आलं की आपल्याकडे नाक कुणाचं, डोळे कुणाचे यावर बायका तास तास घालवतात. काशीरामच्या मुलीच्या वेळी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सुईणीनं बाळ पुसलं, दाराच्या उजेडात धरलं आणि तोंडाला पदर लावला. बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत उभा फाटलेला होता.

"गिराण लागलं गो पोरीला!" सुईण पुटपुटली.

झालं! ऐंशी सालच्या फेब्रुवारीतला तो शनिवार लगेच सगळ्यांना आठवला. भर दुपारी सूर्य झाकोळला होता आणि वाडीतल्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या होत्या. मंजुळाला तेव्हा दुसरा महिना सरत आला होता आणि ती पडवीत विळीवर वांगी चिरत बसली होती.

"मी सांगत व्हते, हात आवर म्हनून," सोनाबाई येईल त्याला सांगू लागली. "आईकलं नाय. आता भोगा!"

पोलादपूरच्या अलीकडे सावित्रीच्या काठाला ही बौद्धवाडी. घरातले जुने देव सोडून चोवीस वर्षं झाली होती. पण देव सोडणं सोपं, ग्रहण सोडणं कठीण! सोनाबाईचा मुलगा काशीराम महाडला कचेरीत कारकून होता. वीस मार्चला तळ्यावर लोक जमले, तेव्हा त्यानं अंधश्रद्धेवर असं काही भाषण ठोकलं होतं की टाळ्या थांबेनात. ग्रहण होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आणि आता स्वतःच्या घरात वेळ आली, तर लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण! त्यानं मुलीकडे एकदाच पाहिलं, मान फिरवली आणि म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं."

सोनाबाईनं म्हटलं ते असं, की मंजुळाला पोरीसकट वीर गावी, माहेरी पाठवायचं, कायमचं. काशीरामसाठी दुसरी पाहायची. खरं तर मंजुळा कुणी परकी नव्हती. सोनाबाईच्या सख्ख्या भावाची, श्रीपतची ती मुलगी. "घरातली पोर घरात राहील," म्हणून सोनाबाईनंच हट्टानं ती सून करून आणली होती.

सोनाबाई दिवसभर बडबड करायची, पण बाळ रडलं की तिच्या हातातलं काम गळून पडायचं. भाताला पाखरं हाकायला शेतावर गेली, तरी ते रडणं तिच्या कानात असे. घरापासून इतक्या लांब ऐकू येणं शक्य नाही, हे तिलाही कळत होतं. कारण उघड होतं. हे रडणं तिनं आधी ऐकलं होतं.

काशीरामच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची. त्याचाही ओठ असाच फाटलेला. छातीशी धरला तर त्याला ओढता येईना, दूध नाकातून बाहेर येई. सासू म्हणाली, "ह्याला पाजू नको. कुळाला बट्टा हाय. आपसूक जाईल." नवरा गप्प राहिला. पोर कोपऱ्यात सुपात ठेवलं. ते तीन दिवस रडलं. सोनाबाईची चोळी दुधानं भिजून ओली व्हायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी रडणं थांबलं. लोकांना सांगितलं, मेलेलंच झालं. नवरा गेला, सासू गेली, आणि ही गोष्ट सांगणारं जगात एकच तोंड उरलं. ते सोनाबाईनं सत्तावीस वर्षं घट्ट मिटून ठेवलं.

चौथ्या दिवशी मंजुळा कापसाचा बोळा दुधात बुडवून बाळाच्या तोंडात पिळत होती. सोनाबाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "नको पाजूस. आपसूक जाईल."

बोलली आणि स्वतःच दचकली. तेच शब्द आणि तोच सूर! सासूच तिच्या तोंडून बोलली होती. तिनं मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. मंजुळानं बोळा पुन्हा दुधात बुडवला. ती थेंब थेंब पिळत राहिली.

पाचव्या दिवशी दुपारच्या एसटीनं श्रीपत लेकीला न्यायला आला. त्याच एसटीतून नर्सबाई उतरल्या. या प्रयागबाई, आरोग्य केंद्राच्या. वाडीत कुणाच्या घरी काय शिजतं, तेही त्यांना ठाऊक. त्या आल्या त्या थेट बाळाजवळ बसल्या. बॅटरीच्या उजेडात त्यांनी बाळाचं तोंड तपासलं, मग मंजुळाला बाळ उभं धरायला लावून चमच्यानं थोडं थोडं दूध घातलं. बाळ मिटक्या मारत दूध प्यायलं.

"टाळूलाही थोडी फट आहे," त्या म्हणाल्या. "पण पोर चिवट आहे. मुंबईला मोठ्या इस्पितळात ओठ शिवून देतात. वजन वाढलं की तीनेक महिन्यांत करता येईल. हे गाठोडं कसलं?"

"म्हायेरी नेतोय," श्रीपत खाली मान घालून म्हणाला.

"माझंच चुकलं, बाई," मंजुळा म्हणाली. "मी गिराणात वांगी चिरली."

"वांगी!" प्रयागबाई उसळल्या. "अगं, त्या दिवशी पोटुशी असलेल्या अकरा बायका एकट्या माझ्या यादीत होत्या. कुणी मासळी कापली, कुणी लाकडं फोडली. बाकी दहांची मुलं धडधाकट आहेत. ग्रहण काय तुझ्या एकटीच्या पडवीवर आलं होतं?"

"मग कशानं झालं?" काशीराम पुढे येत म्हणाला.

"अमुक एकाच गोष्टीनं, असं छातीठोक सांगता येत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. बाळाचे ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतात. कधी दोष घराण्यातून, रक्तातून येतो. कधी आईच्या खाण्यापिण्यातून, औषधातून, धुरातून बाळाला बाधतं. कधी दोन्ही मिळून. नात्यात लग्न असेल तर दोन्हीकडचा लपलेला दोष एकत्र यायचा संभव वाढतो. मंजुळा तुमची कोण?"

"मामाची मुलगी," काशीराम म्हणाला.

चुलीकडून भाजलेल्या तंबाखूचा उग्र वास आला. तव्यावर सोनाबाईची मशेरी होती.

"ही तूही लावतेस?" प्रयागबाईंनी मंजुळाला विचारलं.

मंजुळानं सासूकडे पाहिलं. "आत्यानी दिली व्हती. उलट्या थांबतात म्हनून."

"तिच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण तंबाखू आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते, तेवढं नक्की. आजपासून बंद." त्यांनी पिशवीतून कागद काढला. "इस्पितळाला चिठ्ठी देते. आता सगळ्यांनी नीट आठवून सांगा. घराण्यात आधी कुणाला असं झालं होतं?"

"छे! आमच्याकडे कुणालाच नाही," काशीराम लगेच म्हणाला.

"आमच्यात पन नाय," श्रीपत म्हणाला.

मग उरली कोण? सगळ्यांच्या नजरा पुन्हा मंजुळावर गेल्या. तिनं बाळाला फडक्यात गुंडाळलं, गाठोडं उचललं आणि बापाला म्हणाली, "चला, आबा."

ती उंबऱ्याशी पोचली आणि बाळ रडलं. सोनाबाई धडपडत उंबऱ्याकडे धावली. आता हे रडणं वीरच्या रस्त्यानं जाईल, तिथं थांबेल, आणि आपल्या कानात मात्र मरेपर्यंत राहील! एकाचं थांबलं नव्हतं, आता दोघांचं!

"थांब गो!" ती किंचाळली. "मंजे, जाऊ नको! तुझं काय बी चुकलं नाय. माझ्या पोटी झालं व्हतं असं! पहिलं! काशीच्या आधी!"

काशीराम आईजवळ आला.

"मी गिराण पाळलं व्हतं रे," सोनाबाई रडत सांगू लागली. "माझ्या टायमाला सासूनं मला निजवून ठेवली, बोट सुदीक हलवू दिलं नाय. तरी झालं! मग म्हनली, उंबराखालनं गेली असशील. पोर तीन दिस भुकेनं रडलं. मी पाजलं नाय. आन् आता हिला बी तेच सांगत व्हते मी... तेच!"

मंजुळा परत फिरली. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं, पण बाळ सासूच्या हाती दिलं नाही. इतक्या लवकर द्यावं तरी का?

काशीरामनं ते गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. परत येऊन तो बायकोपुढे उभा राहिला. "तळ्यावर मोठमोठ्यानं बोललो," तो म्हणाला, "आणि घरात तुझ्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. माझं चुकलं, मंजुळा. मुंबईला मी येतो तुमच्याबरोबर."

"पुढचं मूल हवं असेल, तर त्याआधी दोघं डॉक्टरांकडे जा," प्रयागबाई म्हणाल्या. "आणि श्रीपतराव, धाकट्या लेकीचं नात्यात जमवताय असं ऐकलं. जरा थांबा." त्यांनी चिठ्ठीवर लिहायला घेतलं. "आजीचं पहिलं मूल, मुलगा, ओठ दुभंगलेला. नाव?"

"नाव ठेवलंच नव्हतं."

"मग नुसतं मुलगा लिहिते."

"नको," सोनाबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले. "सयाजी लिवा. माझ्या बापाचं नाव. ठेवायचं व्हतं मला."

प्रयागबाईंनी लिहिलं. सत्तावीस वर्षांत त्या पोराला पहिल्यांदा कुणी नावानं ओळखलं.

वाचकहो, व्यंग घेऊन आलेलं मूल कुणाच्या पापाचं फळ नसतं आणि कुणा बाईची शिक्षाही नसते. ग्रहणावर आणि सुनेवर खापर फोडणं सोपं असतं, म्हणून तर आपण ते फोडतो! त्याऐवजी पोटुशी बाईला तंबाखू आणि धुरापासून जपा, नात्यात सोयरीक करण्याआधी शंभरदा विचार करा, आणि घराण्यात जे झालं ते डॉक्टरांना उघड सांगा. सांगायला सोनाबाईला सत्तावीस वर्षं लागली. तुम्हाआम्हाला इतकी लागली, तर मधल्या काळात कितीतरी बाळं भुकेनं रडत राहतील.