चारुशीलाचा आवाज गेल्यावर

सदर भागातल्या चर्चमध्ये चारुशीला उके गायला उभी राहिली, की डुलक्या घेणारी माणसंही सावरून बसत. लग्न असो की अंत्यविधी, तिच्या गाण्याशिवाय मंडळीला चैन पडत नसे. शाळेत ती संगीत शिकवायची आणि घरी भाजी निवडतानाही गुणगुणायची.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्यात गाठ आली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, "गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही."

जीव वाचला. आवाज गेला. उरली नुसती कुजबुज, तीही धाप लागल्यासारखी.

घरी आल्यावर तिनं पेटीवर चादर टाकली. जेवणावरून मन उडालं. रविवारी नवरा अंकुश एकटाच उपासनेला जाऊ लागला. "देवाले माहा गळाच दिसला का गा?" असं तिनं एकदा त्याला विचारलं, तर ते त्याला ऐकूच गेलं नाही. "काय म्हणतेस?" म्हणून तो वळला तेव्हा तिला हुंदका फुटला. त्या हुंदक्यालाही आवाज नव्हता.

एके दुपारी शेजारच्या यमुताई भिंत चाचपत आल्या. काचबिंदूनं त्यांची नजर कधीचीच गेली होती. पूर्वी चारुशीला त्यांना रोज पवित्र शास्त्र वाचून दाखवायची.

"काहून वं, मले विसरली का? वाच काही."

"आवाज कुठं आहे यमुताई?"

"मंग माह्या कानाशी तोंड आण. मी का बहिरी आहो?"

म्हातारीपुढे काही चालेना. चारुशीलानं शास्त्र उघडलं. पान निघालं ते एलीया संदेष्ट्याचं. हा भाग तिनं चर्चमध्ये कितीदा तरी खड्या आवाजात वाचला होता. आता ती कानाशी ओठ नेऊन वाचू लागली. जिवाला कंटाळलेला एलीया झाडाखाली पडून मरण मागत होता. देव त्याच्यावर रागावला नाही. दूताच्या हातून त्यानं त्याला निखाऱ्यावरची भाकर दिली. मग एलीया डोंगरावर गेला. खडक फोडणारा वारा सुटला, पण परमेश्वर वाऱ्यात नव्हता. भूमी हादरली, भूकंपातही तो नव्हता. आग आली, आगीतही नव्हता.

पुढच्या ओळीपाशी चारुशीला अडखळली. आगीनंतर जो आला, तो होता अगदी हलका, मंद असा एक आवाज. इतकी वर्षं ही ओळ शेवटच्या बाकापर्यंत पोचावी म्हणून ती सगळ्यात मोठ्यानं वाचत आली होती. आज तिच्याकडे मोठा आवाजच नव्हता. ओळ जशी होती तशीच तिच्या ओठांतून निघाली.

खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे चालूच होते, पण खोलीत कुणीतरी इतकं जवळ येऊन उभं होतं, की श्वास सोडायचीही तिला भीती वाटली. आवाजाबरोबर देवही गेला, असं धरून ती इतके महिने बसली होती.

यमुताईंनी पदर ओढून तोंड झाकून घेतलं होतं. आतून त्या पुटपुटल्या, "थांबू नको वं पोरी. तो असाच बोलला असन."

पुढच्या रविवारी चारुशीला अंकुशबरोबर चर्चला गेली. आवाज परत आला नव्हता. पुढेही आला नाही. गायकांत न जाता ती लोकांमध्ये बसली. गीत सुरू झालं आणि ती चकित झाली. कळमन्याच्या बाजारात फळं विकणारे रुपराव किंचित बेसूर गात होते, पण डोळे मिटून. पलीकडची सरिता, जिचं बाळ नुकतंच वारलं होतं, तीही गात होती. ओळ मध्येच तुटायची, ती पुन्हा धरायची. इतकी वर्षं चारुशीला यांच्यासोबत गात आली होती, पण स्वतःच्या आवाजापुढे तिनं यांना कधी ऐकलंच नव्हतं.

"काय झालं?" अंकुशनं हळूच विचारलं.

तिनं फक्त त्याचा हात घट्ट धरला आणि ऐकत राहिली.