परत न म्हटलेलं माप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, माप घ्यायची, ती. एके काळी मी पिवळीधमक होते. आता माझा रंग जुन्या दातांसारखा झालाय. पहिले चार आकडे बोटांनी पुसून गेलेत. माझी लांबी साठ इंच असायला हवी, ती चोपन्न आहे. का, तेच सांगायला बसलेय.

जन्म कारखान्यातला. कापडाच्या लांबच लांब पट्टीवर आकडे छापले, कच्चकन कापलं, टोकांना पितळी टोप्या चढवल्या. माझ्यासारख्याच हजार बहिणी शेजारी गुंडाळून पडल्या होत्या. त्यातून थोरल्या मास्तरांनी मला उचललं, दोन्ही हातांनी ताणून बघितलं आणि म्हणाले, "ही खोटं बोलायची नाही." त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली.

मास्तरांच्या दुकानात एक रीत होती. माप घेणारा मोठ्याने सांगणार, "छाती अडतीस!" वही घेऊन बसलेला ते तसंच परत म्हणणार, "अडतीस!" मगच पेन्सिल टेकायची. परत कुणी म्हटलं नाही, तर ते माप धरायचं नाही, पुन्हा घ्यायचं. आधी मास्तर सांगत आणि त्यांची बायको परत म्हणे. ती गेली. मग मुलगा परत म्हणू लागला. पुढे मास्तरांचे हात थरथरायला लागले आणि ते वरच्या खोलीत बसून राहिले. दुकान खाली, घर वर, मध्ये नुसती लाकडी तक्तपोशी. मी मुलाच्या गळ्यात आले. गिऱ्हाइकं त्याला धाकटे मास्तर म्हणायची. वही आता त्याच्या बायकोकडे होती. काजं-बटणंही तीच करायची, आणि तोंडात सुई धरूनही ती स्पष्ट बोलायची.

मित्रांनो, टेपला डोळे नसतात, पण तिला माणूस कळतो. धाकट्या मास्तरांच्या मानेवर सकाळी दाढीचे खुंट असत, ते मला टोचायचे. त्यांच्या एकोणतिसाव्या वर्षी एक दिवस लक्षात आलं, टोचत नाहीत. मान गुळगुळीत झाली होती, आणि गार. दुपारी ते इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून बसायला लागले. बायको म्हणायची, "अहो, जरा पडा की वर जाऊन." ते म्हणायचे, "पडून काय होतंय?" आणि उठायचे नाहीत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. पाळणा हलावा म्हणून दोघं वाट बघत होते, पण त्याबद्दल बोलणं आपोआप बंद झालं होतं.

मग ते रोज दुकान उघडण्याआधी एकटे खाली यायला लागले. शटर बंदच. आरशासमोर शर्ट काढायचे आणि मला छातीभोवती गुंडाळायचे. सवयीने मोठ्याने म्हणायचे, "एकोणचाळीस." परत म्हणायला कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हटलं.

"एकोणचाळीस," असा संथ आवाज वरून, तक्तपोशीतून खाली आला. धाकटे मास्तर दचकले. त्यांनी घाईने शर्ट घातला आणि बटणं चुकीची लावली. महिन्याभरात माप अडतीस झालं. मग साडेसदतीस. प्रत्येक वेळी तो आवाज तेच परत म्हणत होता. वर म्हातारे वडील झोपलेले असतात आणि जुनी जीभ आपोआप बोलते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर जाऊन विचारलं मात्र नाही.

त्याच सुमाराला दुकानातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. उजव्या हाताशी ठेवलेली कात्री नसायची. मान वळवली की असायची. बायको शेजारी येऊन उभी राहिली की ते केवढ्याने दचकायचे. "कुठून उगवलीस गं?" "उगवायला मी काय गवत आहे? केव्हाची उभीये इथे!" ती हसायची. ते हसायचे नाहीत. दुकानाच्या दोन्ही कडांना काहीतरी राहायला आलंय आणि ते वस्तू उचलून परत ठेवतंय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. मला मात्र वेगळंच जाणवायचं. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ते मला ताणून धरत, तेव्हा माझ्या मधल्या आकड्यांवर नजर पडायची. माझी दोन्ही टोकं त्यांच्या लेखी नव्हतीच. मित्रांनो, आपण आहोत आणि आपल्या माणसाला नाही आहोत, हे फार विचित्र वाटतं.

एका गिऱ्हाइकाची छाती चव्वेचाळीस होती. व्यायामशाळा चालवायचा. त्याने मास्तरांकडे एकदा नीट बघितलं. "मास्तर, तुमचं हार्मोन कमी पडलंय. टेस्टोस्टेरॉन. रक्त तपासा, मी सांगतो म्हणून." मुलाचा पुरुष होताना जे आवाज फोडतं, मिशा आणतं, अंगात जोर भरतं, ते हे हार्मोन. मास्तरांनी गुपचूप तपासलं. खरंच कमी निघालं. पैलवान म्हणाला, "डॉक्टर-बिक्टर कशाला? औषध माझ्याकडे आहे."

ट्रायल रूमचा पडदा ओढून दर आठवड्याला तो औषधाची सुई टोचायचा. मी बाहेर खिळ्यावर. दोन महिन्यांत खुंट पुन्हा टोचायला लागले, आवाज जड झाला. छाती अडतीस, मग एकोणचाळीस. वरचा आवाजही एकोणचाळीस म्हणाला, जरा खुशीतच. बायकोला काही सांगितलं नव्हतं; पाळण्यासाठीच तर करतोय, असं ते आरशाला सांगायचे.

पण दोन्ही बाजूंच्या कडा आत सरकतच होत्या. आणि डोकं दुखायचं, कपाळाच्या मागे, खोल.

मग तो दिवस आला. कोटाचं कापड टेबलावर पसरलं होतं. बायकोने कडेला माझं एक टोक पंजाखाली दाबून धरलं होतं. मास्तरांनी मोठी कात्री चालवली. खडूच्या रेघेवरून निघालेली कात्री ती रेघ सोडून पुढे गेली आणि थांबलीच नाही. थंड पातं माझ्यावर आलं. कच्च. जन्माच्या वेळचा तोच आवाज.

माझे सहा इंच तिच्या पंजाखाली राहिले. अंगठा एका सुताने वाचला होता.

ती ओरडली नाही. "अहो," एवढंच म्हणाली.

"तू... तू तिथे होतीस?"

"हात माझा दिसला नाही तुम्हाला?"

"तिथे काहीच नव्हतं गं," ते म्हणाले. "अंधार नाही, धूसर नाही. काहीच नाही."

जिन्यावर पावलं वाजली. दोन वर्षांनी थोरले मास्तर कठडा धरून खाली उतरले. "दुकान उघडायच्या आधी रोज एकच गिऱ्हाईक येतं," ते म्हणाले. "आधी बारीक होत चाललं होतं, मग भरायला लागलं. म्हटलं, बरं झालं. मला काय कळत नाही होय रे? पण तू वर येऊन सांगशील म्हणून गप्प बसलो. चुकलं माझं."

त्यांनी मला उचललं. एक टोक खिळ्याला, दुसरं सुनेच्या हातात. मुलाला समोर स्टुलावर बसवलं. "सत्तावीसच्या आकड्याकडे बघ. डोळे हलवायचे नाहीत. हे लाल रीळ दिसलं की म्हण." मास्तरांच्या हातातलं रीळ माझ्या टोकापासून आत सरकायला लागलं. पाच. दहा. पंधरा. मुलगा गप्प. अठरावर तो म्हणाला, "दिसलं."

"अठरा!" मास्तर म्हणाले.

"अठरा," सूनबाईने परत म्हटलं.

दुसऱ्या बाजूने सदतीस. मधल्या एकोणीस इंचांत धाकट्या मास्तरांचं सगळं जग उरलं होतं. मग त्यांनी सुईचंही सांगून टाकलं.

दवाखान्यात ते मला गळ्यातून काढायला विसरले, म्हणून मी पुढचं ऐकलं. हार्मोनच्या डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. "कमी होतं हे खरंच होतं," त्या म्हणाल्या. "पण का कमी झालं, हे कुणी विचारलंच नाही. आणि एकाच तपासणीवर? सकाळी, दोनदा बघायचं असतं." आणखी रक्त गेलं, डोक्याचा फोटो निघाला. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात कोटाच्या बटणाएवढी गाठ वाढली होती. कॅन्सर नव्हता. पण खाली हार्मोन अडवत होती आणि वर डोळ्यांच्या नसा दाबत होती. बाहेरच्या सुईने अंग भरलं, त्यामुळे गाठ आणखी लपली.

"गोळ्यांनी ती बहुतेक आक्रसेल," बाई म्हणाल्या.

"आणि... बाळ?" बायकोने विचारलं.

"बाहेरून औषध मिळालं की आतला कारखाना कुलूप लावतो. बाळासाठीचं बीजसुद्धा बनत नाही. सुई बंद. कुलूप उघडायला कित्येक महिने लागतील. उघडेल असं वाटतं, शब्द देत नाही."

बाहेर आल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "तुझ्यासाठीच..." तिने त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "माझ्यासाठी करायचं, तर मला विचारून करायचं."

त्यानंतर दर रविवारी सकाळी मला खिळ्याला बांधतात. पंधरा आणि एकोणचाळीस. मग अकरा आणि चव्वेचाळीस. थोरले मास्तर रीळ सरकवायचे, सूनबाई परत म्हणायची. हळूहळू कात्री जागेवर राहायला लागली. बाळाचं अजून काही ठरलेलं नाही. माझा सहा इंचांचा तुकडा तिने बटणांच्या डबीत जपून ठेवलाय. एखादा इवलासा तळपाय मोजायला पुरेल, म्हणते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. अंगातलं काही कमी होतंय असं वाटलं, तर बंद शटरमागे एकट्याने मोजत बसू नका. मोठ्याने सांगा, जाणत्या डॉक्टरला आणि घरच्यांना सांगा, आणि त्यांनी ते परत म्हणेपर्यंत थांबा. लाजेने गिळलेलं माप कुणाच्याच वहीत चढत नाही.

थोरले मास्तर हिवाळ्यात गेले. वरची खोली आता रिकामी असते, दाराला कडी.

या रविवारी रीळ बायकोच्या हातात होतं. तिने ते अगदी माझ्या कापलेल्या काठावर धरलं आणि धाकटे मास्तर लगेच म्हणाले, "दिसलं!"

"चोपन्न!" ती म्हणाली.

"चोपन्न," त्यांनी परत म्हटलं.

"चोपन्न," तक्तपोशीतून तोच संथ आवाज आला.

दोघांनी वर बघितलं. मग तिने वही ओढली आणि पेन्सिल टेकवली.