गोंद काढायचं मशीन

“पण मला का विचारताय?” टेबलावर मांडलेल्या तिन्ही मशिनांकडे ढुंकूनही न पाहता त्याने मॅनेजरला विचारलं.

“सनमायका उखडल्यावर लिफ्टच्या दारांवर उरलेला जुना गोंद पंचवीस वर्षं तुम्हीच काढताय. मग यातलं कुठलं मशीन घ्यायचं ते काय वॉचमनला विचारू?”

वर्कशॉपमध्ये सगळे त्याला शंकासूर म्हणत. बायकोने न सांगता शर्टाला इस्त्री केली, तरी हिला आज काय मागायचंय, असंच त्याच्या मनात येई. आजची शंका मात्र जिवावरची होती. वर्षभर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं सकाळी पांढरीफटक पडत आणि दिवसभर बधिर राहत. ग्राइंडरच्या थरथरीने ती खाल्ली होती. हे त्याने घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. कळलं तर काम जाईल, आणि काम गेल्यावर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा मशीन निवडायचं हे निव्वळ निमित्त, कुणीतरी चुगली केलीय, हे त्याने पक्कं धरलं. त्याची नजर शेजारी पॉलिशचं काम करणाऱ्या बाईंवर गेली; सगळे त्यांना वहिनी म्हणत. परवा हातातून चहाचा कप निसटला, तेव्हा समोर त्याच तर होत्या.

पहिलं मशीन तारेच्या ब्रशचं. वहिनींनी ते समोरच्या जुन्या दारावर चालवलं, तो लांबूनच बघत म्हणाला, “गोंद तापून पसरतोय. निघतोय कुठे?” ते खरंच होतं. दुसरं सँडपेपरच्या चकतीचं. “चकती दोन मिनिटांत भरली, वर पत्र्याला ओरखडे.” तेही खरं होतं. मॅनेजरने दोन्ही बाजूला सारली.

तिसऱ्याचं रुंद पातं जागच्या जागी थरथरत होतं. वहिनींनी तेही चालवून पाहिलं आणि गोंदाची लांब साल सुटून आली. त्याने पातं पाहिलं, वायर पाहिली, कान देऊन आवाज ऐकला. खोट काही सापडेना.

“पातं टिकायचं नाही हे,” तो म्हणाला.

“चालवून तर बघा, भाऊ,” वहिनी म्हणाल्या.

नाइलाज झाला. त्याने मशीन धरलं. गोंद कधी संपला, पत्रा कधी लागला, हाताने काहीच सांगितलं नाही. मशीन उचललं तेव्हा दारावर वीतभर चरा पडला होता.

मॅनेजर चरा बघायला वाकला. मग वहिनीच पुढे झाल्या. “तो चरा आधीचाच आहे साहेब. सकाळीच बघितला मी.”

ही बाई आपल्याला कशाला वाचवतेय? सवयीने त्याने त्यातही काही डाव शोधला. सापडला नाही, तेव्हा त्याला स्वतःचीच फार लाज वाटली.

“पत्रा चांगला होता,” तो मॅनेजरला म्हणाला. “मशीनही चांगलं आहे, हेच घ्या. हात माझा गेलाय. वर्ष झालं.”

मॅनेजर काही विचारणार, तोवर त्याने मशीन वहिनींच्या हातात दिलं. पातं किती तिरकं धरायचं ते दाखवलं आणि मागे उभा राहिला. साल सुटू लागली.

“हाताला काय लागतंय?” त्याने विचारलं.

“थरथर बारीक झाली.”

“मग थांबा,” तो म्हणाला. “पत्रा आला.”