न बिघडलेले रेडिओ

“कालपर्यंत नीट बोलत होता हो. आज सकाळपासून एकदम मुका,” असं म्हणत लाँड्रीतल्या मुलीने आपला रेडिओ माझ्या काउंटरवर ठेवला. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि रेडिओला साबणाचा वास येत होता.

मी सेल बदलून पाहिले. खरखर येत होती, म्हणजे जीव होता. तरी उघडून बघितला, तर आत सगळं जागच्या जागी. रेडिओ दुरुस्तीचा बोर्ड माझ्या दुकानावर अजून आहे, पण पोट भरतं ते मोबाइलच्या कव्हरांवर आणि चार्जरवर.

“फोनवर ऐकावं ना. तरुण मुलगी तू,” मी म्हणालो.

“नको हो. फोन सारखा ‘माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ’ करतो. ओल्या हातांनी किती वेळा बघणार? हा आपला कोपऱ्यात बसून बोलतो. आणि सकाळच्या त्या बाई असल्या ना, की चादरींचा ढीग कधी संपतो कळतसुद्धा नाही.”

‘त्या बाई’ म्हणजे माझी थोरली बहीण. हे मी काही तिला सांगितलं नाही. “ठेवून जा, बघतो,” एवढंच म्हणालो.

ताई तरुणपणी आमच्या इथल्या एएम रेडिओ केंद्रात निवेदिका म्हणून लागली आणि तिथेच राहिली. नदीची पातळी, बंद पडलेले रस्ते, हरवलेली माणसं, उद्याची हवा आणि मधूनमधून जुनी गाणी, असा तिचा संसार. घशासाठी तिने थंड पाणी, आंबट फळं आणि भांडण या तिन्ही गोष्टी सोडल्या. त्यातलं भांडण सुटलं ते आमच्या पथ्यावरच पडलं. एएमवर अर्धा आवाज खरखरीत हरवतो, म्हणून ती शब्दाचं शेवटचं अक्षर कधी गिळत नाही. रस्त्यात तिला कुणी ओळखत नाही. एकदाच तिने “पाव किलो द्या” म्हटल्यावर भाजीवालीने झटकन मान वर केली होती. ही गोष्ट ताई आम्हाला अजून, काहीतरी निमित्त काढून, ऐकवते.

मी तिची खेचायचो. “ताई, तुझं ऐकतं कोण? तू आणि तुझं मशीन?”

“ठोक्या,” ती म्हणायची (रेडिओला ठोका मारून तो सुरू करण्याची माझी जुनी पद्धत, त्यावरून हे नाव), “ज्यांचे हात कामात असतात ते ऐकतात. त्यांना टाळ्या वाजवायला सवड नसते.”

लाँड्रीतली मुलगी गेली आणि होडीवाला आला. त्याचा रेडिओ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. “परवा माझ्या हातून पाण्यात पडता पडता वाचला,” तो ओशाळून म्हणाला. “आत ओल गेली असणार.” त्याच्यामागून निवृत्त नर्सबाई आल्या. नातवाने बटणं फिरवली म्हणून त्या बिचाऱ्याला फटका देऊन आल्या होत्या. मग बेकरीवाला, मग शिंपीकाका. शिंपीकाकांना खात्री होती की सेल विकणाऱ्याने त्यांना फसवलं. ज्याने त्याने दोष स्वतःला नाहीतर घरातल्या कुणाला दिला होता. केंद्राचं नाव एकानेही काढलं नाही.

दिवस कलेपर्यंत काउंटरवर मोबाइलची कव्हरं ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहुतेक रेडिओंची स्टेशन बदलायची चकती पक्की करून ठेवलेली होती. नर्सबाईंनी जखमेची पट्टी लावली होती, शिंपीकाकांनी दोरा गुंडाळला होता, लाँड्रीतल्या मुलीने नखांचं पॉलिश लावून टाकलं होतं. सगळे काटे एकाच जागी, ताईच्या केंद्रावर. एखादा काटा मी हलवला की दूरचं कुठलं तरी स्टेशन पुटपुटायचं, परत जागेवर आणला की नुसती खरखर. रेडिओ धडधाकट होते. केंद्रच गप्प होतं.

ताईचा फोन बंद लागला. सगळे रेडिओ दोन मोठ्या पिशव्यांत भरले, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक केंद्रावर गेलो.

आग नव्हती, अपघात नव्हता. ताई ऑफिसातल्या टेलिफोनशेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. समोर मुख्य कार्यालयातून आलेले साहेब अहवाल लिहीत होते. साधा, सभ्य माणूस. त्यांनीच मला बसायला खुर्ची दिली.

“चाचणी होती,” ते म्हणाले. “आज संध्याकाळपर्यंत केंद्र बंद ठेवायचं आणि किती जण विचारतात ते बघायचं. आधी सांगितलं असतं तर लोकांनी भिडेखातर फोन केले असते. म्हणून कुणाला सांगायचं नव्हतं.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, “सकाळपासून एक फोन नाही. नव्या गाड्यांत एएम येईनासा झालाय, मोबाइलमध्ये तर नाहीच. बाईंबद्दल मला आदर आहे. पण केंद्र बंद करावं, असंच मला लिहावं लागणार.”

“ताई, मला तरी सांगायचंस!” मी ओरडलोच. “गल्लीतल्या प्रत्येकाला फोन करायला लावला असता!”

“म्हणूनच नाही सांगितलं,” ताई म्हणाली. “कुणी ऐकत नसेल तर तसं कळू दे. उसनी माणसं आणून मला इथे बसायचं नाही.”

दिवसभर न वाजणाऱ्या फोनसमोर बसून तिचा चेहरा एवढासा झाला होता, आणि तरी हे ती ताठ मानेने बोलली. ही माझी बहीण आहे याचा मला इतका अभिमान पूर्वी कधी वाटला नव्हता. मी पिशव्या उचलल्या आणि सगळे रेडिओ साहेबांच्या टेबलावर मांडले.

“हे घ्या तुमचे फोन,” मी म्हणालो. “लोकांना वाटलं आपलाच रेडिओ बिघडला, म्हणून सकाळपासून ते माझ्या दुकानात दुरुस्तीला घेऊन आले. केंद्र बंद पडेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, साहेब. सूर्य दिसला नाही तर आपण डोळेच चोळतो ना?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही त्यांचे भाऊ,” ते सावकाश म्हणाले. “दुकानातले जुने रेडिओ उचलून आणले नसतील कशावरून?”

मला राग आला, पण प्रश्न रास्त होता. मी नर्सबाईंचा रेडिओ त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून चकतीवरची पट्टी पाहिली. पट्टीच्या कडेला वर्षानुवर्षांचा मळ बसला होता. मग दुसरा रेडिओ घेतला, तिसरा घेतला. पॉलिश, दोरा, मेणाचा ठिपका. एकेकाचा काटा ते बोटाने तपासत गेले.

“हे कोणत्या रकान्यात लिहू मी?” ते शेवटी म्हणाले. त्यांनी लिहिलेल्या मजकुरावर काट मारली. “बंद करा असं माझ्या सहीने जाणार नाही. इथे येऊन लोकांना भेटा, असं लिहितो. पुढचं वरचे ठरवतील. तेवढंच माझ्या हातात आहे.”

“तेवढं पुष्कळ झालं,” ताई म्हणाली. “आता संध्याकाळची प्रसारण-सभा सुरू करू?”

प्रक्षेपणाचं मशीन सांभाळणाऱ्या काकांनी खटका ओढला. ताई काचेपलीकडे जाऊन माइकसमोर बसली. मी टेबलावरचे रेडिओ लावले होते, त्यांची खरखर एकदम बसली. मग सगळ्यांतून ताईचा आवाज आला.

“नमस्कार. तुमचा रेडिओ बिघडलेला नाही. आज दिवसभर आम्हीच बंद होतो. तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा.”

इथे, पहिल्यांदाच, तिने शेवटचं अक्षर गिळलं. साहेब आणि मी खाली बघत राहिलो. तिने घसा साफ केला आणि नदीची पातळी सांगायला लागली.

तेवढ्यात मी कपाळावर हात मारला. “अहो, ज्यांना हे सांगायचं त्यांचे रेडिओ तर इथेच आहेत!”

मी भराभर रेडिओ पिशव्यांत भरू लागलो. ताईची सभा तासाभराची, तेवढ्यात घरोघरी पोहोचवायचे होते.

“बंद तरी करा, सेल संपतील,” साहेब म्हणाले.

“संपू देत,” मी म्हणालो.

एक पिशवी मी खांद्याला लावली. दुसरी उचलायला वाकलो तर ती जागेवर नव्हती. साहेबांनी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि दार पायाने उघडत ते विचारत होते, “आधी कुणाकडे जायचं?” त्यांच्या कवेतून ताई उद्याची हवा सांगत होती.