प्याद्याची मात

श्रावणात मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी आढ्याला टांगलेली. आगरदांड्याच्या काळूराम कोळ्याला बुद्धिबळाखेरीज उद्योग नव्हता. तशात खाडीपलीकडच्या दिघीहून व्याही तुळशीराम सुनेला न्यायला आला. सून म्हणजे काळूरामची एकुलती एक लेक शकू. नारळी पुनव तोंडावर आलेली. सण कुठल्या घरी, यावरून दोघांची जुंपली आणि शेवटी पट मांडला गेला. काळूराम जिंकला तर शकू सणाला माहेरी. नाहीतर खाडी ओलांडणाऱ्या आजच्याच होडीनं सासरी.

खेळात तुळशीराम यथातथाच. बघता बघता त्याच्याकडं राजा आणि एक प्यादं उरलं. काळूरामकडं राजा, हत्ती, प्यादं. तुळशीरामचा राजा कोपऱ्यात अडकलेला. हत्ती शेवटच्या ओळीत सरकवला की खेळ खलास! शकूनं बांधलेलं गाठोडं सोडायला घेतलंसुद्धा.

काळूरामनं हत्तीकडं नेलेला हात मागं घेतला.

"हत्तीनं काय, कुनीबी मारंल. व्याह्यांना प्याद्यानं मारतो. दिघीभर नाव व्हईल!"

प्याद्याची मात म्हणजे मानाची मात. त्यानं प्यादं पुढं टाकलं आणि तुळशीरामचा राजा कोपऱ्यातून सटकला. थोड्या वेळानं हत्तीची मात पुन्हा समोर आली. काळूरामनं पुन्हा नाक मुरडलं.

"अवो, मारा की एकदाचं!" दारातून त्याची बायको चंद्राबाई करवादली. "पोरीला ठेवायची हाय ना?"

"तू गप. तुला यातलं काय कळतंय?"

तेवढ्यात तुळशीरामनं आपलं शेवटचं प्यादं मुकाट्यानं हत्तीच्या तोंडी दिलं. समोर आलेली मासळी कोळी सोडतो होय? काळूरामनं ते झटक्यात उचललं.

"बुर्जी!" तुळशीराम टाळी पिटून ओरडला.

राजा एकटा उरला की बुर्जी, डाव बरोबरीत. हा नियम तुळशीरामला शिकवला होता काळूरामनंच. आणि बरोबरी म्हणजे काही जिंकणं नव्हे. दोनदा हातात आलेली लेक त्यानं आपल्याच हातानं घालवली होती.

धक्क्यावरून होडीवाला हाका मारू लागला. शकू उठली.

"पोरी, अगं, प्याद्याची मात म्हंजे..." काळूराम चाचरला.

"ठावं हाय, बा. लई मानाची." डोळे भरले होते तरी ती हसली. "पर मला हत्तीची चालली असती."