विरूपाक्षाची उडी

लढाई संपली, नौदलानं लढाईपुरती घेतलेली माणसं घरी पाठवली, आणि सेहेचाळीसच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ विरूपाक्ष कोल्हापूर स्टेशनावर उतरला. मंगळवार पेठेतली अख्खी तालीम हलगी घेऊन हजर! मला तर तिथंच नाचावंसं वाटत होतं. पण त्याला सरळ घरी जाऊ देतील तर ती तालीम कसली?

"पंचगंगेला पूर आलाय. दर्यावरचा गडी आज पुलावरनं उडी टाकनार!" जोतीराम वस्तादांनी जाहीर करून टाकलं.

पण विरूपाक्षाला पोहता येत नव्हतं! बोटीच्या तळाशी भट्टीत कोळसा घालायचं काम त्याचं; पाणी बघितलं की लहानपणापासून लांब पळायचा. आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, मात्र त्यानं 'इथं पोहायला शिकलो' असं कळवलं होतं. खरं काय ते एकट्या मला माहीत, आणि त्यानं मला तोंड उघडायची बंदी घातलेली.

पुलावर ही गर्दी! आणि हे येडं खरंच कठड्यावर चढलं. लाजेपायी जीव द्यायला निघालं होतं. मला असा संताप आला! फेटे, छत्र्या ढकलत मी घुसले आणि त्याचा सदरा मागून घट्ट धरला.

"उतर खाली!"

"अक्का, सोड. अव्वा बघतीया."

"बघू दे की! बुडालास तर तेबी बघंल!"

हलगी थांबली. विरूपाक्षानं खाली पुराकडं बघितलं, आणि एकदम ओरडला, "मला पोहायला येत न्हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. वस्तादांनी त्याच्याकडं डोळे वटारले.

"पोहायला येत न्हाय, आन चार वर्सं दर्यावर ऱ्हायलास?"

"व्हय."

वस्तादांनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. "आमी काठ दिसतोय म्हनून उड्या मारतो. ह्यो काठ दिसत नसताना गेलता की! वाजीव रं!"

हलगी कडाडली, शिट्ट्या सुरू झाल्या. मी हसत होते की रडत होते, देव जाणे. तेवढ्यात गर्दीतनं अव्वा पुढं आली आणि तिनं त्याच्या खाडकन थोबाडीत दिली.

"तुला पोहायला येतंय म्हनून चार वर्सं झोपले रं मी!" ती म्हणाली, आणि त्याला पोटाशी धरून मोठमोठ्यानं रडायला लागली.