उजवीकडे बघणारी

एलिसेओने दोन्ही हातांत एकेक दांडा धरला होता. पडद्यावर दोन वळणावळणाचे रस्ते सरकत होते, प्रत्येकावर एक ठिपका. ठिपका रस्त्याबाहेर गेला की यंत्र ओरडायचं. डावा नीट चालला होता. उजवा सारखा ओरडत होता.

त्याच्यासारख्या ऐंशी उलटलेल्या माणसाचा गाडी चालवायचा परवाना या तपासणी केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञ नुरियाबाईंच्या सहीशिवाय पुढे चालत नाही. बाहेर बाकावर मुलगी रेमेदियोस बसली होती. येतानाच तिने ऐकवलं होतं, "नापास झालात तर रुसायचं नाही, बाबा. सरळ शहरात, सारागोसाला माझ्याकडे यायचं." तिचं घर चौथ्या मजल्यावर. त्याच्या गावाला बस येत नाही. गाडी गेली की घर गेलं, कोंबड्या गेल्या, बदामाची झाडं गेली.

"थांबा," नुरियाबाई म्हणाल्या. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुम्हाला पास केलंय. मग उजवीकडेच काय बिघडलंय?"

"तुमचं यंत्र बिघडलंय, बाई. माझा ट्रॅक्टर असा किंचाळत नाही."

"तो घाबरून गप्प असेल. गाडीत शेजारी कोण बसतं?"

"कोणी नाही. फेब्रुवारीपासून."

"त्याआधी?"

खरं बोललं तर परवाना जाणार, हे त्याला दिसत होतं. पण बेनिल्देच्या बाबतीत खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं.

"बायको, बेनिल्दे. फेब्रुवारीत वारली. माझ्या उजव्या बाजूला बसायची. चौक आला की ती उजवीकडे बघायची, मी डावीकडे. ती 'जा' म्हणाली की मी जायचो. आमच्या गावात सगळे नवरा-बायको असेच जातात."

"आणि आता?"

"आता जरा थांबतो. ती 'थांब' म्हणत नाही, म्हणजे रस्ता मोकळा असणार, असं वाटतं. मग जातो."

बोलल्यावर ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. त्याने दांडे सोडले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आज सही करत नाही. जुना परवाना अजून महिनाभर आहे. तोवर मुलीला शेजारी बसवून चालवा. तिने तोंड उघडायचं नाही. मग परत या. तेव्हाही उजवा ओरडला तर मी काही करू शकणार नाही."

घरी जाताना रेमेदियोस शेजारी बसली होती. गावाबाहेरच्या चौकात त्याने गाडी थांबवली.

"बाबा, थां..."

"गप्प बस."

त्याने उजवीकडे मान वळवली. मानेत कळ आली. डुकरांनी भरलेला ट्रक येत होता, अगदी जवळून गेला. मग रस्ता मोकळा झाला, तरी त्याचा पाय हलेना. मागच्याने हॉर्न दिला.

"वाजवू दे," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा उजवीकडे बघितलं.